टवका

कांद्याच्या वाफ्यात खुरपणी चालली होती आणि तिच्याबरोबरीने सासू-सुनेचं भांडणही. रात्रीच्या पावसाने माती खुरप्याला लोण्यासारखी चिकटत होती, तण कांद्याच्या वर डोकं काढून बसलं होतं आणि बांधावर काठी धरून बसलेल्या म्हातारीला दर वर्षीच्या नेमाप्रमाणे नेमकं आजच स्मारकावर जायचं होतं.

"हे तण आज निघालं नाही तर कांदा गेलाच समजा, आत्याबाई. स्मारक काय कुठं पळून चाललंय?"

"मी चाललेय की पळून! पुढचं वर्ष कुणी बघितलंय?"

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात."

"मग अजून मेले नाही, हा माझा गुन्हा झाला का गं?"

सुनेला हसू आवरलं नाही. तिने खुरपं वाफ्यात रोवलं, पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि म्हातारीला उठवण्यासाठी पुढे केले.

टेकडीवरचं ते स्मारक जुनं होतं. घुमटाखाली जुन्या लढाईतल्या वीरांचा चौथरा आणि बाहेरच्या भिंतीवर नंतरच्या लढायांत पडलेल्यांची नावं. त्या भिंतीत म्हातारीचा मुलगा, या सुनेचा नवरा, एका ओळीचा होऊन राहिला होता. त्याचा देह बर्फाखालून कधी निघालाच नाही. घरी आली ती त्याची पत्र्याची ट्रंक.

नाव कोरताना पाथरवटाची छिन्नी सटकली होती आणि शेवटच्या अक्षराच्या पायथ्याशी टवका उडाला होता. डोळे होते तोवर म्हातारीला तो टवका खुपायचा. दिसेल त्या साहेबाची वाट अडवून ती म्हणायची, "पोरगा धड परत दिला नाहीत, त्याचं नाव तरी धड करा!" साहेब मान डोलवायचे, गाडीत बसायचे.

पुढे काचबिंदूने तिचे डोळे नेले आणि मग त्याच टवक्याने तिला मुलगा शोधून दिला. ती भिंतीवरून बोटं फिरवत जायची. सुनेने हात धरला तर झिडकारायची. टवका लागला की त्यात नख रोवून म्हणायची, "सापडला गं!" सून मात्र लांब नळापाशी उभी राहायची. त्या नावाला हात लावण्याचं बळ तिने कधीच गोळा केलं नव्हतं.

दुधाच्या टेम्पोने दोघींना टेकडीवर सोडलं. फाटकाशी म्हातारीने नेहमीप्रमाणे वहाणा काढल्या. पूर्वी इथून भिंतीपर्यंत नुसता चिखल असायचा. आता फरशीची वाट झाली होती.

"बरं केलं बाई," म्हातारी पावलं दाबत म्हणाली. "कसं गार लागतंय!"

भिंतीपाशी तिने हात टेकला आणि ती थबकली. बोटं गुळगुळीत घसरली. पुढे सरकली, तिथेही घसरली.

"कुठं आणलंस मला? ही खिडकी आहे."

सून नळापासून धावत आली. भिंतीवर नवी काळी पाटी होती, पाटीवर सोनेरी अक्षरं, आणि अक्षरांवर काच.

"आजी, काचेला हात नको," पहारेकरी अदबीने म्हणाला. "ठसे उमटतात. साहेब येणार आहेत."

"त्यांना डोळे नाहीत हो, दादा. हातानंच बघतात."

"कळतंय मला ताई, पण बोलणी मला बसतात." तो ओशाळून हसला. "मी इथं नवीन. कुणी एक म्हातारी म्हणे दर वर्षी भांडायची, पोराचं नाव फुटलंय म्हणून. शेवटी वरून मंजुरी आली. सगळी भिंतच बदलून टाकली."

म्हातारीचा हात काचेवर तसाच राहिला. सुनेने तो हलकेच धरला, वर नेला, सोनेरी ओळीवर टेकवला.

"हे बघा आत्याबाई. इथंच आहेत की ते."

"टवका दाखव."

सुनेने तिचं बोट शेवटच्या अक्षरावर नेलं. तिथेही गुळगुळीत काचच होती.

"जुने दगड कुठं गेले हो, दादा?" म्हातारीने विचारलं.

पहारेकऱ्याने खाली पाहिलं. "वाया कशाला घालवायचे? पालथे टाकून वाट केली. अक्षरं खालच्या अंगाला आहेत, आजी. कुणाचा पाय लागत नाही त्यांना."

म्हातारी मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी फरशी चाचपू लागली. एका जागी नख अडकलं. तिचा चेहरा उजळला. तिथून वीतभर पुढे पुन्हा अडकलं. मग पुन्हा. न घडवलेल्या त्या दगडांच्या पाठी टवक्यांनीच भरलेल्या होत्या.

"मी म्हणाले, गार लागतंय," ती पुटपुटली.

बऱ्याच वेळाने तिने काठी मागितली. "कडेनं ने मला. चिखलातनं."

सुनेने वहाणा काढून हातात घेतल्या आणि ती वाट नि म्हातारी यांच्यामध्ये उतरली. घोट्यापर्यंत पाय रुतले. समोरून येणारं एक कुटुंब थांबलं. "अहो, फरशीवरनं चला की! पाय भरतायत."

"भरू देत," सून म्हणाली.

"पायाखाली येत नाही ना गं तो?" म्हातारी दर पावलाला विचारत होती.

"नाही, आत्याबाई."

"बघून सांग."

सून वाटेकडे बघायची. सारख्याच, पालथ्या, ओल्या फरशा. आणि पुन्हा सांगायची, "नाही येत."