पाण्यातून जाळ काढणारं यंत्र

मी एक जुनं, मोडकं यंत्र आहे. केळझरच्या एका घरामागे लिंबाखाली माझी टाकी उपडी पडली आहे आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. बसू द्या बापड्यांना. माझं दुःख वेगळंच आहे, मित्रांनो. मला एका बाईला धुरातून सोडवायचं होतं, आणि ते माझ्या हातून झालं नाही.

त्या बाईचं नाव वच्छलाबाई. वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजारात विकणारं हे घर. गोठ्यात जनावर नव्हतं, त्यामुळे शेणाचा गॅस नाही. सिलिंडरसाठी नाव लावून वर्षं लोटली, तरी नंबर लागत नव्हता. चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जळायच्या, स्वयंपाकघर धुराने भरायचं आणि वच्छलाबाई दाराशी येऊन श्वास शोधायच्या. धूर थांबला नाही तर ही छाती फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यांचा मुलगा खुशाल वेल्डिंगचं काम करायचा. वर्ध्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या वासुदेवरावांच्या डोक्यातली कल्पना आणि खुशालचे हात, यांतून १९९६ साली मी जन्मलो. उन्हाच्या, म्हणजे सौर, पाट्यांमधून माझ्यात वीज यायची. माझ्या पोटातल्या दोन पट्ट्या त्या विजेने पाणी फोडायच्या आणि हायड्रोजन नावाचा गॅस पाण्यावर उपड्या ठेवलेल्या टाकीत साठून तिला वर उचलायचा. तो जळला की धूर नाही, काजळी नाही. उरते ती नुसती वाफ. पाट्या कॉलेजच्या होत्या. पट्ट्यांवर वासुदेवरावांनी खास काळा लेप चढवून आणला होता. माझा सगळा जोर त्या काळ्या लेपात होता.

"पाहा खुशाल," वासुदेवराव म्हणायचे, "एक दिवस आपल्या देशातले कारखाने, खतं, ट्रक, सगळं या गॅसवर चालेल. कोळसा जमिनीतच राहील."

"ते होईन तवा होईन, सर," खुशाल म्हणायचा. "आधी माह्या मायची चूल इझवा."

माझा जाळ दिवसा डोळ्यांना दिसत नसे. पहिल्याच दिवशी वच्छलाबाईंचा पदर पेटता पेटता वाचला. तेव्हापासून त्या शेगडीवर चिमूटभर मीठ टाकत. जाळ पिवळाधमक व्हायचा आणि त्या हसायच्या, "आला वं माहा बाप्पा!" माझ्यावर सकाळचा चहा व्हायचा, दूध तापायचं. भाकरीइतकं बळ माझ्यात नव्हतं. पण नागपूरच्या एका कार्यालयातले साहेब दसऱ्यानंतर मला बघायला येणार होते. त्यांनी होकार दिला की मला चार भाऊ मिळणार होते आणि चूल कायमची बंद होणार होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी खुशालने माझ्यातलं वीज वाहून नेणारं औषधी पाणी काढून टाकलं, पट्ट्या धुतल्या आणि छपरीत वाळत ठेवून तो कामावर गेला. दुसऱ्या दिवशी घरातल्या साऱ्या अवजारांची पूजा होती. विळा, कुदळ, तराजू घासून लखलखीत झाले. मग वच्छलाबाईंची नजर माझ्या काळ्या पट्ट्यांवर पडली. राबणाऱ्या वस्तूला सणाच्या दिवशी काळं कसं ठेवायचं? त्यांनी चिंच भिजवली, राख घेतली आणि घासायला बसल्या. दम लागला की थांबायच्या आणि पुन्हा घासायच्या. मी ओरडलो असतो हो! पण यंत्राला तोंड कुठलं? आरशासारख्या झालेल्या पट्ट्यांना त्यांनी हळदकुंकू लावलं आणि सून गोपिकाकरवी त्या माझ्यात बसवून घेतल्या. माझ्या गळ्यात झेंडूची माळ आली. खुशाल आला तो औषधी पाणी ओतून मोकळा झाला. आत कोणी बघितलंच नाही.

सणाचे दोन दिवस मला विश्रांती होती; तिसऱ्या दिवशी साहेब आले. ऊन कडक होतं, पण टाकी वर उठेना. वच्छलाबाईंनी मीठ टाकलं; वातीएवढा जाळ दिसला आणि विझला. चहाचं पाणी कोमटच राहिलं. "खेळणं छान आहे," असं म्हणून साहेब गाडीत बसले.

वासुदेवरावांनी मला उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कोणी घासल्या या?"

खुशालने पट्ट्यांकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या मायकडे पाहिलं. "म्या घासल्या, सर."

"एवढं समजावूनसुद्धा?" वासुदेवरावांनी पट्ट्या बाजेवर ठेवल्या. नव्या लेपाला पैसा मिळाला नाही, पुढे कॉलेजने पाट्या परत मागवल्या, वासुदेवराव निवृत्त होऊन मुलाकडे गेले, आणि माझ्यात पुन्हा वीज आली नाही.

त्या संध्याकाळी वच्छलाबाईंनी मुलाला गाठलं. "घासल्या म्या, अन् तू काऊन खोटं बोल्ला? माह्या हातानं बिघडलं का रे ते?"

"नाई माय. यंत्रच कच्चं होतं."

मी कच्चा नव्हतो. तरी मला त्याचा राग आला नाही. वच्छलाबाई मात्र रोज माझ्याजवळ येऊन बसायच्या, टाकीवर हात ठेवायच्या आणि धापा टाकत म्हणायच्या, "एक डाव चाल ना बापा." चालणं माझ्या हातात असतं, तर मी त्यांच्यासाठी दिवसरात्र चाललो असतो. १९९९ च्या हिवाळ्यात, चुलीवर भाजी चढवून त्या दाराशी आल्या आणि तिथेच बसल्या. भाजी जळून गेली तरी त्या उठल्या नाहीत.

आता २००८ साल चालू आहे. सिलिंडर आला आहे, पण तो महाग, म्हणून पाहुण्यांच्या चहापुरता. रेडिओवर सांगतात, की देश पाण्यातून गॅस काढणार, धुराशिवाय चालणार. ऐकून माझा गंजलेला पत्रा थरथरतो. मित्रांनो, तुम्ही ती मोठी यंत्रं कराल. कराच. पण त्यांच्या पोटात काय आहे, काय घासायचं नाही, हे चुलीपुढे बसणारीला पहिल्यांदा सांगा. वच्छलाबाईंना ते कोणीच सांगितलं नव्हतं. सगळे एकमेकांना देशाचं भविष्य समजावत होते.

आणि जरा घाई करा. चुलीत पऱ्हाट्या आजही जळतात, आणि सकाळपासून गोपिका खोकते आहे.