मास्टर मीटर

बाबांचं म्हणणं होतं, गाडीचा मीटर जास्त दाखवतो. आमच्या घरात एवढं म्हटलं की वाद संपतो. जुन्या गाड्यांचे स्पीडोमीटर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, गल्ली त्यांना काटेमास्तर म्हणते, आणि त्यांची ही एकुलती एक मुलगी त्याच टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर धरायला शिकली. काटा चुकतो, माणूस चुकत नाही, हे आमच्या धंद्याचं बाळकडू. तक्रार आली की मुकाट्याने मीटर उघडायचा, गिऱ्हाइकाची उलटतपासणी करायची नाही.

म्हणून मी उघडला. ही गाडी माझ्या जन्माआधीपासून घरात आहे आणि माझ्यापेक्षा लाडकी आहे. लहानपणी मला ताप आला की आई जागायची, गाडी खोकली की बाबा.

मीटर जास्त दाखवायची कारणं ठरलेली असतात. कुणीतरी मायेने केबलला जास्त तेल पाजतं, ते केबल फिरता फिरता वर चढतं आणि आतला लोहचुंबक न् त्याभोवतीची वाटी चिकट करून टाकतं. मग काटा उगाच पुढे पळतो. आमचा मीटर आतून कोरडा ठणठणीत होता. टायर लहान असले तरी काटा वाढतो, पण टायर योग्य मापाचे होते. केबल आणि गिअरबॉक्सकडचं दातेरी चाकही जिथल्या तिथे.

"बाबा, काही सापडत नाही."

"नीट बघितलंस का? हल्ली तुझं कामात लक्ष नसतं. मी चाळीसने जातो आणि हा बेटा ऐंशी दाखवतो."

माझं डोकं फिरलं. पण रागारागाने का होईना, पुन्हा उघडला. पुन्हा काही नाही. तरीही मला दुसरी शंका आली नाही. मी आपली त्या काळ्या डबीतच नाक खुपसून बसलेली.

शंका आणली दूधवाल्याने. शाळेच्या वळणावर त्याची सायकल गटारात गेली होती आणि कोपर सोलून निघालं होतं.

"मास्तरांची गाडी लागली नाही हो, ताई. दचकून पडलो मी," तो म्हणाला. "पण वय काय, वेग काय! गाडी चालवत होते की उडवत होते?"

"चाळीसनेच जात होतो!" बाबा आतून ओरडले.

ते खोटं बोलत नव्हते. बोलत असते तर बरं झालं असतं.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "ते गाडी किती जोरात नेतात गं?"

"जोरातच," भाजी चिरणं न थांबवता ती म्हणाली.

"आणि तू शेजारी बसतेस?"

"एकटे गेले तर ओरडायलाही कुणी नसतं. मी निदान 'अहो, हळू' म्हणते. तेवढ्यापुरतं हळू घेतात." मग तिने सुरी खाली ठेवली. "मी किल्ली मागितली तर घर डोक्यावर घेतील. तूच सांग. मीटरचं काही असलं तर तुझं ऐकतात."

दुसऱ्या दिवशी त्यांना मावशीकडे जायचं होतं. आवरून आई आधीच गाडीत जाऊन बसली होती. मी घरालगतच्या आमच्या दुकानात गेले तर मीटर टेबलावर, आणि बाबा फडक्याला हात पुसत खुशीत उभे.

"तुला जमलं नाही ते मी केलं," ते म्हणाले.

"चाचणी करू या," मी म्हटलं. मला वाटलं, काटाच त्यांना समजावेल, माझ्यावर वेळ येणार नाही.

आमच्या चाचणीच्या मशिनला एक मोटर आहे आणि दोन केबली. एकीवर दुरुस्तीला आलेला मीटर लावायचा, दुसरीवर कायम मास्टर मीटर. सगळे काटे मास्टरशी जुळवायचे, आणि मास्टरला कुणी हात लावायचा नाही. नियम बाबांचाच.

मी मोटर फिरवली. मास्टर साठवर आला, आमचा मीटर तिसावर. ऐंशीला चाळीस, शंभरला बरोबर पन्नास, आणि काट्याला जराही थरथर नाही. काट्याला मागे ओढणारी, केसाएवढी बारीक स्प्रिंग त्यांनी अशी आखूड केली होती, की तबकडीभर वेग नेमका निम्मा दिसावा. असलं काम मला जन्मात जमणार नाही. हात अजून तसेच सोन्याचे होते. डोळ्यांत पाणी आलं ते मला कौतुक वाटलं म्हणून, आणि भीतीनेही.

"बाबा, मीटर आधी बरोबर होता. गाडी खरंच ऐंशीने जाते, तुम्हाला ती चाळीस वाटते. आणि शेजारी आई असते हो!"

ते दोन्ही काट्यांकडे बघत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, पटलं.

"मास्टर बिघडलाय," ते म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तरीच! तुझी काही चूक नाही, बाळा. मास्टरच असा असल्यावर तू तरी काय तपासणार?"

आणि त्यांनी मास्टरचे स्क्रू सोडवायला घेतले.

त्यांचा हात धरायला हवा होता. मला धरवला नाही. मी अंगणात गेले, बॉनेट उघडलं आणि डिस्ट्रिब्यूटरमधून रोटर काढून घेतला. अंगठ्याएवढा तुकडा. तो नसला की प्लगला ठिणगी मिळत नाही, स्टार्टर नुसता घरघरतो, इंजिन काही पेटत नाही. बॉनेट लावलं तेव्हा आई काचेतून माझ्याकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने बाबा मीटर घेऊन आले. "जुळले बघ दोन्ही काटे!" त्यांनी मीटर डॅशबोर्डात बसवला, केबलचा नट बोटांनी आवळला आणि किल्ली फिरवली.

स्टार्टर घरघरला. पुन्हा घरघरला. मी वाट बघत उभी राहिले. रस्त्यावरून जाणारी गाडी नुसत्या आवाजावरून ओळखून तिचा कुठला प्लग गेलाय ते सांगणारा हा माणूस. आता उतरतील, बॉनेट उघडतील आणि माझ्यापुढे तळहात धरून म्हणतील, रोटर काढलास ना, आण इकडे. मला पकडलं जायचं होतं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तरी मी हसत खाल्ल्या असत्या.

ते उतरले नाहीत. किल्ली फिरवत राहिले, आवाज खोल खोल जात बॅटरी उतरली, तरी फिरवत राहिले. शेवटी आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

बाबांनी काच खाली केली.

"हिला काय झालं गं?" त्यांनी मला विचारलं.

मुठीतला रोटर घट्ट आवळून मी म्हटलं, "बघते, बाबा."