पाणी दाखवणाऱ्याची बाटली

मी एक जुनी फौजी पाण्याची बाटली आहे. तुमच्या शाळेच्या काचेच्या कपाटात, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी बसलेली असते. माझ्याखाली एक चिठ्ठी आहे : ‘सरपंच श्री. व्यंकटराव यांच्याकडून सप्रेम भेट’. मित्रांनो, ती चिठ्ठी खोटी आहे.

माझे धनी साहेबराव. तुमच्याच गावच्या बौद्धवाड्यातले. फौजेत भरती झाल्यावर त्यांना बंदूक मिळाली आणि मी मिळाले. लोखंडी अंग, निळसर मुलामा, वर खाकी लोकरीची खोळ. खोळ भिजवली की उन्हातही माझ्यातलं पाणी गार राही. बर्फात, वाळवंटात, जंगलात, कुठं कुठं हिंडलो आम्ही! साहेबरावांच्या पायाला भिंगरीच होती. सुट्टीवर येताना नांदेडला उतरायचे आणि एस.टी. सोडून अहमदपूरची वाट पायी धरायचे. दोन दिवस लागत, पण एवढं आभाळ गाडीतून दिसत नाही म्हणायचे.

फौजेत माझ्या तोंडाला सगळ्यांनी तोंड लावलं. कोण कुठला, हे कोणी विचारलं नाही. आणि एक रिवाज होता : पुढे गेलेल्याला पाणी दिसलं, तर त्यानं मागच्यांना कळवायचं. तहानलेल्यापासून पाणी लपवणारा तिथं सर्वांत हलका माणूस.

माझ्या अंगावर पोचा पडला होता, तेव्हा साहेबराव निवृत्त होऊन मला घेऊन गावी आले. शेतावर काम करायचे आणि सवड मिळाली की डोंगर धुंडाळायचे. लोक हसत. ‘काम ना धाम, नुसता फिरून राहिला,’ म्हणत. त्या भटकंतीत बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच त्यांनी डोंगरामागच्या कपारीत एक झरा हेरून ठेवला होता. विहिरी आटल्या तेव्हा बौद्धवाड्यातली पंधरा घरं त्या झऱ्यावर जगली.

एका दुपारी हरवलेला बैल शोधत किशनराव पाटील डोंगरावर आले आणि उन्हानं कोसळले. सरपंच व्यंकटराव हे त्यांचेच पुत्र. साहेबरावांनी माझं बूच काढलं. एरवी वाड्यातल्या माणसाच्या हातून ओंजळीतही पाणी न घेणाऱ्या पाटलांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि तोंड लावून घटाघटा रिकामी केली.

“साहेबा, कुठलं रे हे पानी?”

साहेबरावांनी कपारीकडे बोट केलं.

संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, गुणाबाईनं, कपाळावर हात मारून घेतला. “कशाला सांगितलंत? आता ते आपल्याला ठेवतेत का?”

“पानी दिसलं की सांगायचं असतंय, गुणा. सगळ्याला पुरंल.”

तिसऱ्या दिवशी झऱ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं आणि राखणदार बसला. वाड्यातल्या बायकांनी खालच्या खड्ड्यात झिरपेल तेवढं गढूळ पाणी भरायचं, असं ठरलं. कोणी ठरवलं, ते विचारू नका. गुणाबाई अर्धा अर्धा दिवस घागर घेऊन बसे. एकदा ती म्हणाली, “झरा तुम्ही हुडकला अन् वाट मी बघून राहिले.”  त्या दिवशी साहेबरावांनी मला खुंटीला अडकवलं. डोंगराकडे पुन्हा गेले नाहीत. मित्रांनो, मला त्या खुंटीचा इतका राग कधी आला नव्हता.

दहा वर्षं गेली. लातूर नवा जिल्हा झाला. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडलं गेलं, आणि नव्या जिल्ह्याच्या समारंभातच झऱ्यावर बांधलेल्या टाकीचं उद्घाटन ठरलं. झेंड्याला फौजी सलामी हवी, म्हणून साहेबरावांना बोलावणं आलं. त्यांनी गणवेश चढवला आणि मला खांद्याला लावलं. त्यांना एकच वाक्य ऐकायचं होतं : हा झरा साहेबरावांनी दाखवला. बाकी हार-तुरे नकोच होते.

सलामी झाली. मग पाटीवरचा पडदा सरला. ‘किशनराव पाटील यांनी दुष्काळात शोधलेला झरा.’

 टाकीच्या तोटीखाली साहेबरावांनी मला भरलं आणि सगळ्या गावादेखत पाटलांसमोर धरलं.

“पाटील, त्या दिवशी प्यालात तसं प्या.”

म्हातारे पाटील माझ्याकडे पाहत राहिले. माझा पोचा त्यांनी ओळखला, हे मी शपथेवर सांगते.

“मला तहान न्हाई,” ते म्हणाले आणि झेंड्याकडे बघू लागले.

साहेबरावांनी मला बूच न लावताच टेबलावर ठेवलं आणि मंडपातून निघून गेले. व्यंकटरावांनी मला रुमालानं धरून उचललं, पाणी जमिनीवर ओतलं आणि गुरुजींना म्हणाले, “शाळेत ठेवा, पोरं बघतील.” अशी मी भेट झाले.

ऐकते की साहेबराव पुन्हा हिंडू लागले. विष्णुपुरीला गोदावरीवर बांध होतोय, तो बघायला चालत गेले म्हणे. माझ्याशिवाय.

मित्रांनो, दर शनिवारी तुम्ही माझी धूळ पुसता. ती राहू द्या. माझा मुलामा उडाला, गंज चढला, त्याचंही मला फारसं दुःख नाही. एक दिवस कपाट उघडा, ती चिठ्ठी काढा आणि तिथं साहेबरावांचं नाव लिहा. मग मला झऱ्यावर नेऊन भरा आणि सगळे माझ्या एकाच तोंडाला तोंड लावून प्या. घरी विचारलं, तर कोणाची बाटली होती तेही सांगा.