कुल्याश आपांचा पासवर्ड

सकाळी नऊला कुल्याश आपांचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात तळलेल्या कणकेचा बाउरसाक होता. "येरझान, संगणक उघडत नाही. आणि ओराझाली चाकू पाजळून दारात बसलाय," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

आमच्या तालगर गावाच्या वरच्या अंगाला आपांची सफरचंदांची बाग आहे. हिवाळ्यात चांगल्या झाडांच्या काड्या कापून तळघरातल्या ओल्या वाळूत पुरायच्या आणि वसंतात खुंटांवर त्यांची कलमं बांधायची. काडीवर फक्त आकडा असतो. कुठला आकडा कुठल्या झाडाचा, हे बावीस वर्षांचं टिपण संगणकात. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ते पळवलं आणि जुन्या आपोर्ट जातीच्या झाडांच्या फांद्या चोरून नेल्या. म्हणून मीच लिनक्सवर चालणाऱ्या आपांच्या संगणकाची अख्खी डिस्क कुलूपबंद करून दिली. पासवर्ड दिल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. टिपणाची दुसरी प्रत काढून ठेवतो म्हणालो होतो. ती राहिलीच.

व्हरांड्यात आपांचे दीर ओराझाली दुधाचा चहा पीत होते. कलम बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, आणि टोमणे मारण्यातही. "या, संगणकाचे डॉक्टर! काड्यांना डोळे फुटायच्या आत उघडलंत तर बरं."

आत आपा संगणकासमोर बसल्या होत्या.

"तीनदा टाकला. तिन्ही वेळा चूक म्हणतोय," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं रे. आधी झाडांची नावं गेली, मग आमची."

मी पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं आणि डिस्क तपासली. डिस्कच्या तोंडाशीच कुलपाची सगळी माहिती असते. ती बिघडली असती तर खेळ खलास. पण ती शाबूत होती. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण कुलूप ठीक, म्हणजे किल्लीच चुकत होती. आपांनी माझा चेहरा बरोबर वाचला.

"म्हणजे मीच विसरले."

"मला सांगा ना, मी टाकून बघतो."

"अजिबात नाही. कुणालाही सांगायचा नाही, असं तूच बजावलं होतंस."

"मग तुम्हीच टाका. मी तोंड फिरवतो."

पेनड्राइव्ह काढून मी यंत्र पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर टाइप केलेलं काहीच दिसत नाही. मी भिंतीकडे तोंड करून नुसता ऐकत राहिलो. आधी अक्षरं, भराभर. मग हात उचलल्याची शांतता, आणि पार उजवीकडे टक, टक, टक, टक. पुन्हा चूक. पण इतक्यांदा चुकूनही इतका ठाम हात विसरलेल्या बाईचा नसतो, हे मला पटलं.

आमच्यात कझाक लिहिणाऱ्याचा हात आकड्यांसाठी कीबोर्डच्या वरच्या ओळीकडे जातच नाही. तिथे आमची अक्षरं बसली आहेत. आकडे घ्यायचे उजव्या कोपऱ्यातल्या चौकोनातून, आणि तो चालायला नम-लॉकचा दिवा पेटलेला लागतो. मी वळून पाहिलं. दिवा बंद होता, म्हणजे आकडे उमटतच नव्हते.

घड्याळ मागे पडतंय म्हणून परवा मीच आतली छोटी बॅटरी बदलली होती. त्यात सुरुवातीच्या सगळ्या सवयी पुसल्या गेल्या, दिवा लावायचीसुद्धा. विसरलं होतं ते यंत्र, आणि तेही माझ्यामुळे.

मी ते बटण दाबलं. "आता टाका."

पडद्यावर ओळी धावल्या आणि टिपण उघडलं. आपांनी तिकडे पाहिलंच नाही. "म्हणजे मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. मग पुन्हा तेच, जरा मोठ्याने. मी बॅटरीची कबुली दिली तेव्हा पाठीत असा धपाटा बसला की टेबलावरचा चहाच सांडला. डोळे मात्र त्यांनी ओढणीने पुसले.

मी लगेच प्रत काढायला घेतली, यादीही छापली आणि ती घेऊन आपांच्या मागोमाग बाहेर आलो. ओराझाली काडी उजेडात धरून विचारत होते, "एकतीस कुठली?"

मी यादी पुढे केली. आपांनी ती हाताने बाजूला सारली.

"विहिरीजवळची. तुझ्या भावाने आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेली. पुढचा आकडा सांग."

मी यादीत पाहिलं. बरोबर होतं. पुढचे सगळेही.