अस्सल रबर

रघुनाथने मागच्या उजव्या चाकाच्या ड्रमवर लाकडी हातोडा चौथ्यांदा मारला, तेव्हा कुठे तो जागचा हलला. दोन्ही हातांनी ओढून त्याने ड्रम मांडीवर घेतला. आतून शापोरा नदीचा वाळका गाळ सांडला. त्यात एक बारीक शिंपलीही होती. ती बोटाने बाजूला सारून तो ब्रेकचा सिलिंडर खोलू लागला.

पिकअप कालच पोलिसांच्या ताब्यातून सुटून पार्सेला, त्याच्या गॅरेजात आली होती. पावणेतीन महिने ती पेडण्याच्या ठाण्यामागे ऊनपावसात उभी होती. टप चेपला होता, पुढची काच नव्हती आणि गादीतून गवत उगवायला लागलं होतं. गावाला वाटलं, आता हा पुन्हा ठोकाठोकी करून ती उभी करणार. रघुनाथला ती उभी करायची नव्हती. त्याला फक्त आत बघायचं होतं.

हँडब्रेक शेवटच्या दात्यापर्यंत ओढलेला होता, हे त्याने सकाळीच पाहिलं होतं. आता पिस्टन निघाला आणि त्यामागची रबरी वाटी त्याच्या तळहातावर आली. ब्रेकवर पाय दिला की तेल पुढे ढकललं जातं आणि ही वाटी ते अडवून धरते; तिने धरलं नाही तर तेल गळून जातं आणि पाय नुसताच खाली जातो. वाटी कडेपासून मध्यापर्यंत फाटली होती. उरलेली वाळलेल्या आमसुलासारखी कडक झाली होती. त्याने नखाने दाबली, तर तिचा तुकडाच पडला.

ती वाटी त्यानेच बसवली होती. अस्सल होती, हेच तर तिचं कौतुक.

पोर्तुगीज अमदानीत मुरगावच्या बंदरात उतरलेली ही पिकअप. वडिलांनी तिच्यावर नारळ आणि काजू वाहिले आणि मरताना ती दोन मुलांच्या हवाली केली. धाकटा यशवंत ती चालवायचा, थोरला रघुनाथ ती जपायचा. रघुनाथने लग्न केलं नाही. लोक म्हणत, त्याचा संसार तर गॅरेजात उभा आहे, आणि तो हसून घ्यायचा. गोवा मुक्तीनंतर बाहेरचे सुटे भाग यायचे बंद झाले, तसे गाडीत बाजारचे भाग शिरले आणि रघुनाथच्या डोळ्यांना ते कुसळासारखे खुपू लागले. डिचोलीच्या खाणीवर याच गाडीची एक जुळी बहीण भंगारात पडली होती. तिचे दरवाजे, दिवे, कार्ब्युरेटर, एकेक करत त्याने आणले. अकरा वर्षं लागली. शेवटी ब्रेकच्या वाट्या तेवढ्या राहिल्या होत्या.

त्याही मिळाल्या. खाणीच्या भांडारावर पूर्वी काम केलेल्या बाबलीच्या घरी, माळ्यावर, मेणकागदात गुंडाळलेली न उघडलेली पेटी निघाली. रघुनाथने तिथेच ती नाकाशी धरली होती. रबर काळंभोर, चकचकीत, जणू कालच साच्यातून काढलेलं. त्या पेटीचं वय तिशीला टेकलं होतं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण माणसाला जे हवं असतं ते हातात आलं की तो त्याचं वय मोजत बसत नाही. घरी येऊन त्याने गाडीतल्या बाजारच्या वाट्या, चांगल्या चालत्या, काढून फेकल्या आणि अस्सल बसवल्या. दुसऱ्याच दिवशी गोवा राज्य होणार होतं आणि मिरवणुकीत पिकअप सर्वांत पुढे राहणार होती.

मिरवणूक छान झाली. झेंडूच्या माळांनी गाडी दिसेनाशी झाली होती. दुपारी यशवंत मिरवणुकीतली माणसं घरी सोडून चोपड्याच्या धक्क्याकडे उतरला. फेरीबोटीसाठी तिथे माणसं उभी होती. गाडी उतारावर थांबली नाही. यशवंतने ती गर्दीतून कशीबशी बाजूला काढली आणि सरळ नदीत घातली. तरीही कडेला बसलेला बेळगावकडचा एक गवंडी चाकाखाली आला आणि आठवड्याने गेला. यशवंत तिसऱ्या दिवशी सापडला.

आदल्या वर्षी भाषेवरून अर्धा गाव उरलेल्या अर्ध्याशी बोलत नव्हता. मराठी की कोंकणी, यावरून सख्ख्या व्याह्यांनी एकमेकांकडे जेवणं बंद केली होती. यशवंतच्या मरणावर मात्र दोन्ही बाजूंचं झटक्यात एकमत झालं: प्यायला असणार. मिरवणुकीचा दिवस, फुकटची फेणी, आणखी काय! पोलिसांच्या कागदावरही तेच चढलं.

फाटलेली वाटी रुमालात बांधून रघुनाथ मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेला. यशवंतची बायको अनुसया विळीवर तायकिळा चिरत होती. चतुर्थी आठवड्यावर आली होती, पण यंदा घरात गणपती नव्हता. त्यामुळे तिला कसलीच घाई नव्हती.

तो दारातच उभा राहिला. रुमाल उघडून त्याने तिच्यापुढे जमिनीवर ठेवला.

"अनुसया, ही बघ. ब्रेकाची. फाटल्या. यशवंतान कायएक करूक नाय. माज्या हातान झाला ह्या."

तिने रुमालाकडे पाहिलं. भाजी चिरायची मात्र थांबली नाही.

"मी उद्या पेडण्याक जातंय," तो म्हणाला. "फौजदाराक सांगतंय. तेचा नाव तरी साफ होवंदे."

"माका म्हायत आसा, भावजी."

"काय म्हायत आसा?"

"ब्रेकाचा." तिने विळी आडवी केली. "त्या दिवसा सकाळी निघताना म्हणाले, ब्रेक मऊ लागता, दोनदा मारूक लागता. मी म्हटलंय, भावजींक सांगा. तर म्हणाले, आज नको. आज दादाचो दिवस."

रघुनाथ उंबऱ्यावर बसला. अकरा वर्षं धाकट्या भावाने त्याचं हे वेड सांभाळलं होतं, कधी हसून, कधी वैतागून, आणि मिरवणुकीच्या त्या शनिवारीही सांभाळलं.

"माका कित्याक सांगलंय नाय?" त्याने विचारलं.

"सांगून काय ते परत येवचे होते?" तिचा आवाज चढला नाही. "फौजदार हयच बसलो होतो. तुमी नदीर होतास, तेंका हुडकूत. माका इचारल्यान, ब्रेकाचा काम कोणी केला? एक बुडालो, दुसरो मराक टेकलो, ज्यान काम केला तेका आत घालूचो, म्हणालो. तेव्हा मी म्हटलंय, ब्रेकाचा माका म्हायत नाय. सकाळी ते पिवन गेले होते."

ही वावडी चहाच्या दुकानातून उठली असं तो धरून चालला होता. त्या दुकानाची पायरी त्याने तेव्हापासून चढली नव्हती.

"तू सांगलंय?"

"मीच."

"अनुसया, शनिवार होतो गो. शनिवारी तो दारूक शिवत नाय होतो."

"होय. शनिवार होतो." तिने पदराने नाक पुसलं. "आणि मी काय करूचा होता? ते गेले. तुमका पण न्हेल्यानी असता तर ह्या दोन पोरांच्या तोंडात कोणी घास घातलो असतो? आता तुमी जावन खरा सांगल्यात, तर तुमी आत जातलास आणि मी खोटी ठरतलंय. यशवंत काय येवचो नाय."

नवऱ्याचं नाव तिने तोंडातून काढलेलं रघुनाथने त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं. त्याने रुमालाकडे हात नेला, तर तिने आधीच ती वाटी उचलली, चुलीत टाकली आणि वर दोन शेणी सारल्या. रबराचा काळा, उग्र धूर स्वयंपाकघरात पसरला.

"सोमवारी फौजदार परत येतलो, कागद पुरे करूक," ती म्हणाली. "आमची साक्षी म्हणता, मी तेका सांगतलंय, माजो बाबा शनिवारी पियेत नाय होतो. शाळेत रोज झगडता ती. परवा एका चेडवाचे केस उपटल्यान. माज्यार तिचो विश्वास नाय. तुमच्यार आसा."

"ह्या माका सांगू नको, अनुसया."

"दुसऱ्या कोणाक सांगू?"

साक्षी चारला शाळेतून आली. चौदा वर्षांची पोर. कपाळावर नखाचा ताजा ओरखडा होता. रघुनाथ गॅरेजात ड्रम पुन्हा चाकावर चढवत होता. कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ती दप्तर खांद्यावरून न उतरवता मोडक्या पिकअपला वळसा घालून आली आणि आत वाकून हँडब्रेकचा दांडा बघत राहिली.

"काका, ह्यो वडलेलो आसा. तुमी बघितलास? पिवन आसलेल्या माणसान इतको वडलो असतो?"

रघुनाथने पाना खाली ठेवला. तिचे डोळे यशवंतचे होते, वाद जिंकायला निघालेल्या यशवंतचे. त्याने हात फडक्याला पुसले, एकदा, दोनदा, बोटं स्वच्छ झाल्यावरही. आतल्या खिडकीशी अनुसया उभी होती. ती इकडे बघत नव्हती.

"सोमवारी मी फौजदाराक ह्या दाखवतलंय," साक्षी म्हणाली.

"नको, बाय."

"कित्याक नको?"

ती गाडीपासून मागे सरकली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, बाबा त्या दिवसा पिवन होते?"

"होय," रघुनाथ म्हणाला.

दप्तराचा पट्टा तिने घट्ट धरला.

"खूप?"

"नाय गो," तो म्हणाला. "थोडीच."