आठ मात्रांची जागा

रामनाथने चौथ्यांदा खुर्ची बदलली. आता समोर मंगल कार्यालयाचा खांब होता आणि खांबाच्या डाव्या अंगाने पहिल्या रांगेतली गेणूची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. टोपीखाली विरळ, पिकलेले केस. एके काळी हेच केस खांद्यावर रुळायचे आणि त्यांच्यापायी गेणूच्या वडिलांनी अख्ख्या ओतूरचे टोमणे खाल्ले होते.

"आवो, बसा की एका जागी," त्याची बायको वृषाली म्हणाली. "खुर्चीत इंगळ्या हायेत का?"

"पंखा लागत नाय हितं."

"डोक्यावरच हाय पंखा."

रामनाथने वर पाहिलंच नाही. तळहाताचा घाम तो पँटला पुसत राहिला.

स्टेजवर पुण्याची चार पोरं 'कातळ'ची गाणी वाजवत होती. पंचवीस वर्षांपूर्वी 'कातळ' म्हणजे कॉलेजातले चौघं. गेणू गायचा, रामनाथ ड्रम वाजवायचा, बाकीचे दोघं गिटारवर. त्यांची एकच कॅसेट निघाली आणि कोणी विचारलीही नाही. मग कधीतरी कुणीतरी ती मोबाइलवर टाकली आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांना ती तोंडपाठ झाली. या पोरांनी तर नुसती 'कातळ' वाजवायलाच बँड काढला होता. गिटारवाले दोघं परदेशात. गेणू जुन्नरहून आला, सत्काराची शाल घेऊन पुढे बसला. रामनाथने आमंत्रणाच्या फोनवर "मोटारीची कामं लई पडल्यात" असं सांगून टाकलं होतं, आणि तरी दुकानाचं शटर ओढून तो आलाच. राहवलं नाही.

दुसऱ्या गाण्यात मधेच गाणारा पोरगा खोकला. हॉल खदखदून हसला. कॅसेटमध्ये गेणू नेमका तिथेच खोकला होता.

रामनाथ खांबाआड सरकला. खोकलासुद्धा सोडला नाही पठ्ठ्यांनी! मग ते तरी कसं सोडतील?

ते म्हणजे 'तिसरा डोंगर' या गाण्यातली त्याची चूक. गाणं ऐन चढाला लागलेलं आणि ड्रम गपकन बंद. आठ मात्रा. गिटारवालेही गोंधळून थांबले, शेवटी गेणूनेच पुढची ओळ ओरडून गाणं सावरलं. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, रेकॉर्डिंगवाल्याला एसटी गाठायची होती. तीच कॅसेट पुण्याच्या स्पर्धेला गेली आणि एका ओळीचं पत्र घेऊन परत आली: ड्रमवादक कच्चा आहे. गेणूने ते पत्र त्याच्या हातात ठेवलं आणि त्यानंतर एक शब्द बोलला नाही. एकमेकांच्या लग्नालाही गेले नाहीत दोघं.

रामनाथने त्याला कधी सांगितलंच नाही, की रेकॉर्डिंगच्या खोलीची खिडकी एकट्या ड्रमसमोर होती. गेणू कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून गात होता. आणि खिडकीखालून मयत चाललं होतं. रामनाथ लहानपणापासून वडिलांच्या ढोल-लेझीमच्या पथकात वाढलेला. मयत जाताना वाद्याला हात लावायचा नाही, हे त्याच्या कानावर नाही, पाठीवर शिकवलं होतं. हात आपोआप थांबला. पण हे सांगायचं कुणाला? 'आपण काही पाळत नाही' असं रंगवलेला बनियन घालून फिरणाऱ्या गेणूला? त्यापेक्षा कच्चा ड्रमवादक परवडला.

"आता शेवटचं," गाणारा पोरगा म्हणाला, "ज्याच्यासाठी तुम्ही सगळे आलात ते."

हॉल उठून उभा राहिला. रामनाथही दाराच्या दिशेने उठला. वृषालीने त्याची बाही धरली.

"आता कुठं?"

"बाहेर. जीव घाबरतोय."

"तुमचंच गाणं ना हे? थांबा गुमान."

ड्रमवर संस्कृती नावाची मुलगी होती, असेल विसेक वर्षांची. हात सफाईचा. गाणं चढाला लागलं तसे रामनाथने डोळे मिटले, मान खाली घातली. आणि ती थांबली. सगळेच थांबले.

कुणी हसलं नाही. पोरांनी श्वास रोखून नुसते हात वर केले. त्या शांततेत स्टेजवरून एक बारीक आवाज आला. किण... किण... किण.

रामनाथने डोळे उघडले. संस्कृतीने काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या आणि ती टाळ वाजवत होती. अगदी हळू, चालत्या माणसाच्या पावलाने. म्हणजे खिडकीतून मयतापुढचं ते टाळ वाजणंही कॅसेटमध्ये गेलं होतं. इतकी वर्षं टेपच्या खरखरीत दडून राहिलं आणि या पोरांनी ते धुऊन-पुसून वर काढलं. कशाचा आवाज, हे त्यांना कुठून कळणार?

पुढे सगळ्या वर केलेल्या हातांमध्ये गेणूचे हात नव्हते. त्याची मान एकदम ताठ झाली होती. मग त्याने सावकाश टोपी काढली, काखेत धरली आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून जोडतात तसे हात जोडले.

आठ मात्रा संपल्या, हॉल किंचाळला, गाणं पुढे गेलं. रामनाथला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

गर्दी पांगताना गेणू रांगांमधून एकेक चेहरा बघत मागे आला. खांबाशी आल्यावर थांबला. वृषाली पदर सावरत उठली, पण तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. टोपी अजून काखेतच होती.

"कोन व्हतं रं ते?"

रामनाथने खांबाला हात टेकला. "म्हाईत नाय. बाई व्हती. हिरवं लुगडं नेसवल्यालं."

गेणूने मान हलवली.

"मग थांबायलाच पायजे व्हतं," तो म्हणाला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.