शनिवारचे दोन तास

मी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसलेला एक जुना संगणक बोलतोय. माझा आवाज जरा घरघरता आहे, सांभाळून घ्या. पोटात पंखे असले की असंच होतं.

खिडकीखालून डॅन्यूब वाहते. माझी पाठ खिडकीकडे असल्यामुळे मला ती कधी दिसली नाही, पण मालवाहू बोटींचे भोंगे मी ओळखतो. त्यातल्याच एका बोटीवर ओग्न्यान सुकाणू धरतो. मला जन्म दिला तो त्यानेच.

माझा जन्म रुसे शहरातल्या याच घरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर झाला. माझे अवयव एका घरचे नाहीत. बाहेरची पेटी बंदराच्या कचेरीने टाकून दिलेली, मेंदू नवा, स्मृती एका मित्राकडची. ओग्न्यान एकेक भाग बसवत होता आणि समोर त्याची आई नेद्यल्का घेवडा निवडत होती.

"एवढे तीन स्क्रू उरले, ते कशाचे?" तिने विचारलं.

"जास्तीचे असतात, आई."

"माणूस शिवताना डॉक्टर असंच म्हणाला तर?"

ते तीन स्क्रू अजून साखरेच्या जुन्या डब्यात आहेत. माझी एक बाजू तेव्हापासून थोडी सैलच राहिली. तिचा पुढे उपयोग झाला.

ओग्न्यानची मुलगी रालित्सा तेव्हा चार वर्षांची होती. तिला खुर्चीवर दोन उशा लागायच्या. तिची आई रुग्णालयात पाळीवर जायची, बाप घरी असला की तिला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसायचा. सहाव्या वर्षी दोघांनी माझ्यात एक खेळ सुरू केला. रिकाम्या नदीकाठी गाव वसवायचं, एवढाच तो खेळ. गावाचं नाव त्यांनी ठेवलं बेलोब्रेग. पहिलं घर रालित्साने चुकून पाण्यात बांधलं. बाप म्हणाला, "राहू दे, ती नावाड्याची झोपडी." ती झोपडी अजून तिथेच आहे.

मग ओग्न्यानला लांबच्या बोटीवर काम मिळालं. व्हिएन्ना, कधी त्याच्याही पुढे. महिनोन् महिने तो घरी नसे. आठवड्यातून तीनदा फोन यायचा. मी तो ऐकायचो.

"जेवलीस?"

"हो."

"शाळा?"

"बरी."

"अं... थंडी आहे का तिकडे?"

"आहे."

मग दोघंही गप्प. बाप तसा लेक. फोनवर बोलायला त्यांच्याकडे काही नसायचं, आणि फोन ठेवला की रालित्सा बराच वेळ तो हातातच धरून बसायची.

पण शनिवारी दुपारी चार वाजता गोष्ट वेगळी असे. बोट कुठेतरी धक्क्याला लागलेली असायची, ओग्न्यान त्याचा छोटा संगणक उघडायचा आणि माझ्यातल्या बेलोब्रेगमध्ये यायचा. गाव माझ्याकडे जपलेलं असल्यामुळे मी चालू असल्याशिवाय त्याला दार उघडत नसे. हात कामात गुंतले की दोघांची तोंडं सुटायची. "ही वीट इकडे दे" म्हणता म्हणता ती सांगायची की वर्गात तिला मोठ्याने वाचायची भीती वाटते. आणि तो सांगायचा की धुकं पडलं की त्यालाही भीती वाटते, पण ते आजीला सांगू नकोस. आजी मागेच विणत बसलेली असायची. ती सुया थांबवत नसे. सुया थांबल्या असत्या तर त्यांना कळलं असतं की ती ऐकतेय.

शनिवारचे दोन तास. मी आयुष्यात जे काही काम केलं, त्यातलं हेच मला मोलाचं वाटतं.

असं करत माझ्या जन्माला अकरा वर्षं झाली. माझ्या पडद्यावर आजीने विणलेला पांढरा जाळीदार रुमाल पडला, कळफलकावर लुतेनित्साचा, म्हणजे मिरची-टोमॅटोच्या चटणीचा, लाल डाग पडला, आणि मी म्हातारा झालो. चालू व्हायला मला इतका वेळ लागायचा की आजी तेवढ्यात कॉफी उकळून आणायची. मग एका शरद ऋतूत पडद्यावर एक पाटी येऊ लागली. माझ्या प्रणालीची देखभाल आता बंद होणार होती, आणि नवी मला पेलणार नव्हती.

खालच्या मजल्यावरचा स्तामेन काका कॉफीला आला होता. सूर्यफुलाच्या बिया सोलत तो म्हणाला, "टाकून द्या, नेद्यल्का वहिनी. मेलेल्या गाढवाला नाल ठोकून काय उपयोग?"

"मेलंय कुठे? घरघरतंय अजून," आजी म्हणाली.

"मीही घरघरतो. मला कोण ठेवून घेतंय?"

रालित्सा सहसा बोलतच नाही. पण दुसऱ्या दिवशी ती शाळेतून एक पेन ड्राइव्ह घेऊन आली. संगणक शिकवणाऱ्या झ्लातेवा बाईंना तिने तास संपल्यावर, वर्ग रिकामा झाल्यावर विचारलं होतं. बाईंनी लिनक्स नावाची मुक्त प्रणाली दिली आणि बजावलं, "आधी नुसती चालवून बघ. गाव दुसरीकडे जपून ठेव. आणि घरच्यांना विचारल्याशिवाय काही पुसू नकोस."

म्हणून तिने आजीला विचारलं, आणि ही प्रणाली फुकट मिळते हेही सांगितलं.

"फुकट?" आजीच्या सुया थांबल्या. "मग बनवणाऱ्यांचं पोट कसं भरतं?"

"काहींना पगार मिळतो, काही हौसेने करतात. आजी, तू लुतेनित्साची कृती इमारतीतल्या सगळ्यांना दिलीस ना? तसंच. ज्याला हवी त्याने घ्यावी, बदलावी, पुढे द्यावी."

"दिली. आणि स्तामेनच्या बायकोने त्यात गाजर घातलं."

"तेच तर! यातही कुणालाही गाजर घालता येतं. नको असेल तर काढताही येतं."

आजीने विचार केला. "गाजराचीही वाईट नव्हती," ती हळूच म्हणाली. "पण स्तामेनच्या बायकोला सांगू नकोस."

फेब्रुवारीत एका रविवारी माझी जुनी प्रणाली पुसली गेली. कसं वाटलं ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांच्या सवयी एका दुपारी गेल्या. पण जागा झालो तेव्हा अंग हलकं होतं. कॉफी उकळायच्या आत मी तयार होतो आणि आजीची एक सवय त्यामुळे मोडली.

नव्या प्रणालीने एक प्रश्न विचारला होता, कळफलक कोणता हवा? मुलं वापरतात तो की जुना टंकलेखकांचा? रालित्साचं बोट थांबलं. आजी बंदराच्या कचेरीत तीस वर्षं टंकलेखिका होती. माझ्यावर ती एका बोटाने अक्षरं शोधायची आणि वैतागून उठायची. जुन्या प्रणालीतही ती सोय होती म्हणे, पण कुणी विचारलंच नव्हतं. रालित्साने दोन्ही कळफलक घेतले आणि आजीला बसवलं. आजीने डोळे मिटले. दहाही बोटं कळांवर ठेवली. आणि मग असा काही पाऊस पडला कळांवर! कळांवर छापलेली अक्षरं एक सांगत होती, बोटं दुसरंच लिहीत होती आणि बोटांचंच बरोबर होतं. तिने लिहिलं होतं, "माननीय बंदर अधिकारी यांस, सविनय कळविण्यात येते की..." मग ती थांबली आणि चष्मा पुसू लागली.

खेळाचं मात्र सोपं नव्हतं. तो जुन्या प्रणालीची भाषा बोलणारा. पहिल्यांदा नुसता काळा पडदा आला. रालित्सा दोन दिवस वाचत बसली, मग तिने माझ्यात एक दुभाष्या बसवला. तो खेळाचं बोलणं मला समजेल असं करून सांगायचा. शनिवारी चार वाजता बेलोब्रेग उघडलं. नावाड्याची झोपडी जागेवर होती.

"आलो का मी?" बापाचा आवाज आला.

"आलात, बाबा."

"हे तू केलंस? एकटीने?"

तिचे कान लाल झाले. त्या दिवशी त्यांनी नदीवर पूल बांधायला घेतला. पुढचे दोन शनिवार तो चढत गेला. शेवटची कमान मार्चच्या पहिल्या शनिवारी बसवायची ठरली, कारण नंतर बोट वरच्या अंगाला जाणार होती आणि सहा आठवडे भेट होणार नव्हती.

आणि मध्ये आला एक मार्च.

त्या दिवशी आमच्याकडे लाल-पांढऱ्या धाग्याची मार्तेनित्सा बांधतात, वर्षभर तब्येत बरी राहावी म्हणून. आजी कुणालाच सोडत नाही. घरातली माणसं, दाराची कडी, स्तामेनचं मांजर आणि मी. माझी मार्तेनित्सा ती दरवर्षी पडद्याच्या मानेला बांधायची. त्या वर्षी तिने माझ्या कुशीला हात लावला. तिथे एक जाळी आहे, तिच्यातून मी हवा आत घेतो.

"इथे श्वास घेतो हा," आजी म्हणाली. "नवा जन्म झालाय याचा. इथेच बांधते, छातीशी."

मी ओरडलो असतो, ओरडता आलं असतं तर. गाठ सैल होती. संध्याकाळी मी श्वास घेतला आणि धागा गोंड्यांसकट आत आला, थेट मेंदूवरच्या पंख्यात. पंखा दोनदा अडखळला आणि थांबला. डोकं तापत गेलं. पाचव्या मिनिटाला मी बंद पडलो.

रालित्साने मला पुन्हा चालू केलं. पाच मिनिटं. पुन्हा. चार मिनिटं. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. ती प्रणालीच्या याद्या वाचत राहिली, नखं खात राहिली. चूक आपल्या हातून झालीय, याची तिला खात्रीच पटली होती. आजी टेबलाखाली वाकून पुटपुटत होती, "मार्तेनित्सा कुठे गळून पडली? लक्षण चांगलं नाही."

शनिवारी दुपारी स्तामेन काका जिन्यावरून ओरडतच आला. "वहिनी, माझा जुना फ्रीज भंगारात चाललाय. गाडी खाली उभी आहे. तुमचंही देऊन टाका! मी म्हणालो होतो ना, टाकून द्या! फुकटचं ते फुकटच."

"रालित्सा," आजी मऊ आवाजात म्हणाली, "बाबांशी फोनवर बोल, बाळा. तेही बोलणंच आहे."

"फोनवर आम्ही नाही बोलत, आजी," ती म्हणाली. "फोनवर आम्ही गप्प बसतो."

काकाने मला उचलायला हात पुढे केला. माझ्या तारा काढायला रालित्सा वाकली, तिचा तळवा माझ्या कुशीला लागला आणि तिथेच थांबला. जाळीच्या एका भोकात केसाएवढा लाल तंतू अडकलेला होता.

"आजी, मार्तेनित्सा कुठे बांधली होतीस?"

"इथेच की. श्वास घेतो तिथे."

"हात काढा, काका."

"अगं, गाडी खाली..."

"नाही, काका! हात काढा!"

इतक्या मोठ्याने ती या घरात कधीच बोलली नव्हती. स्तामेन काकाच्या हातातल्या बिया सांडल्या. तिने माझी सैल बाजू ओढली. तीन स्क्रू नव्हते, पट्कन निघाली. आत पंख्याभोवती लाल-पांढरा धागा घट्ट गुंडाळलेला होता.

आजीने तोंडावर हात ठेवला. "मीच गळा आवळला होय गं त्याचा?"

"तुम्ही माया केलीत, वहिनी," स्तामेन काका म्हणाला. "जरा जास्त झाली." आणि तो खाली बसून बिया वेचू लागला.

भुवयांच्या चिमट्याने धागा काढायला तासभर लागला. चार वाजायला दहा मिनिटं असताना मी श्वास घेतला. पाच मिनिटं झाली. सहा. दहा. चार वाजता दारावर टकटक झाली, म्हणजे बेलोब्रेगच्या.

"आलो का मी?"

"आलात, बाबा. बाबा, काय झालं माहितीये का..." आणि ती बोलतच सुटली. पूल पुरा झाला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. मागे आजीच्या सुया पार थांबल्या होत्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मार्तेनित्सा फेकायची नसते, करकोचा दिसला की फुललेल्या झाडाला बांधायची असते. एप्रिलच्या मध्यावर ओग्न्यान घरी आला, तेव्हा खालची चेरी फुलली होती. माझा तो धुळीने काळा पडलेला धागा दोघांनी मिळून तिला बांधला. मला हे दिसलं नाही. वर आल्यावर दोघंही एकाच वेळी बोलत होती, त्यावरून कळलं.

त्याला आता दोन वर्षं होत आली. येत्या शरद ऋतूत रालित्सा शिकायला वार्नाला जाईल, बेलोब्रेगची प्रत सोबत घेऊन. मी इथेच राहीन. मला राग नाही. आजी रोज सकाळी डोळे मिटून माझ्यावर पत्रं लिहिते आणि बंदर अधिकाऱ्यांना अजून सविनय कळवते.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. एखादी जुनी वस्तू धापा टाकू लागली तर गाडी बोलावण्याआधी तिचं पोट एकदा उघडून बघा. दरवेळी ती म्हातारीच झालेली असते असं नाही. कधी कधी तिच्यात कुणाची माया अडकलेली असते.

आज फेब्रुवारीचा शेवटचा दिवस. शेजारच्या खुर्चीत आजी लाल आणि पांढरा धागा पिळत बसलीय. तिची नजर माझ्या कुशीकडे वळते. तिथे रालित्साच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली आहे: "आजी, इथे नाही. मानेला."

आजी चष्मा लावून ती वाचते, मान उंचावून गाठ बांधते, आणि मग माझ्या जाळीपुढे तळवा धरून बघते. श्वास चालू आहे.